वर्ग आणि निवडयादी : रंगनाथनांच्या कसोट्यांच्या प्रकाशात

१. प्रश्नाचे स्वरूप

नोंदपत्र भरताना काही रकान्यांत मजकूर स्वतः लिहावा लागतो, तर काही रकान्यांत आधीच ठरवून दिलेल्या नावांपैकी एखादे निवडावे लागते. संगणकाच्या पडद्यावर हा दुसऱ्या प्रकारचा रकाना बाणाच्या खुणेवर टिचकी देताच उघडतो आणि नावांची यादी खाली उतरते. व्यवहारात तिला ड्रॉपडाउन यादी म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘निवडयादी’ हा शब्द योजला आहे.

ही यादी कोणी आणि कशाच्या आधारे तयार करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो वर्गीकरणाचा प्रश्न आहे. मोकळ्या रकान्यात लिहिणारा माणूस चुकू शकतो, पण त्याला जे सांगावयाचे आहे ते तो सांगू शकतो. निवडयादीत त्याची चूक टळते आणि त्याबरोबरच यादीत नसलेले काहीही सांगण्याची त्याची मुभाही जाते. म्हणून यादी करणारा हा नोंद करणाऱ्याच्या वतीने आधीच बोलून गेलेला असतो, असे म्हणता येईल.

अलीकडच्या काळात या यादीचे कर्तृत्व एका व्यक्तीकडून समूहाकडे सोपविण्याची एक सोय उपलब्ध झाली आहे. विकी या सामूहिक लेखनपद्धतीत पानांचे जे ‘वर्ग’ पाडलेले असतात, त्यांतूनच निवडयादी आपोआप भरून घेता येते. ही सोय कशी चालते, तिच्यात कोणते दोष संभवतात आणि ते ओळखण्यासाठी ग्रंथालयशास्त्राची कोणती परंपरा उपयोगी पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणे मुख्यतः मराठी लेखकांच्या परिचयकोशाची घेतली आहेत. कारण भाषा, प्रांत आणि नाव यांची गुंतागुंत तेथे विशेष स्पष्टपणे दिसते.

२. यंत्रणेची ओळख

वाचकालाच पान संपादित करता येईल अशी पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेतील ‘चटकन’ या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी हे नाव घेतले. विकिपीडियाचा आरंभ २००१ मधला, तर मराठी विकिपीडियाचा १ मे २००३ चा. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, तिच्यात वर्गांची सोय २००४ मध्ये आली.

वर्ग कसा तयार होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘मराठी लेखक’ या वर्गाची यादी कोणीही बसून लिहीत नाही. एखाद्या लेखकावरील पान संपादित करणारा त्या पानाच्या तळाशी ‘वर्ग’ हा शब्द, विसर्गासारखे चिन्ह आणि वर्गाचे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहितो. एवढ्यानेच ते पान त्या वर्गात दाखल होते. वर्गाच्या पानावर दिसणारी यादी ही अशा शेकडो स्वतंत्र घोषणांची बेरीज असते. ग्रंथालयातील तालिकापत्रांच्या खणाशी तिची तुलना करावयाची तर असे म्हणावे लागेल, की येथे प्रत्येक पुस्तक स्वतःच आपले पत्र लिहून खणात टाकते आणि ग्रंथपाल फक्त खण उघडून दाखवतो. वर्गाला उपवर्ग असू शकतात, आणि एक पान अनेक वर्गांत असू शकते.

या वर्गातून निवडयादी भरण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे ‘पेज फॉर्म्स’ हा मीडियाविकीचा विस्तार होय. यारॉन कोरेन यांनी तो २००७ मध्ये ‘सिमँटिक फॉर्म्स’ या नावाने प्रसिद्ध केला. सध्याचे नाव त्याला २०१६ मध्ये मिळाले. या विस्तारात नोंदपत्राची रचना करताना प्रत्येक रकान्यासाठी दोन गोष्टी सांगता येतात : रकाना कोणत्या जातीचा आहे, आणि त्यातील नावे कोठून घ्यावयाची. नावे अमुक वर्गातून घ्यावीत एवढे सांगितले, की नोंदपत्र उघडताना प्रणाली त्या वर्गातील व त्याच्या उपवर्गांतील पानांची शीर्षके गोळा करते आणि तीच निवडयादी म्हणून वापरणाऱ्यासमोर ठेवते. उद्या वर्गात नवे पान आले, तर यादीत नवे नाव आपोआप येते. नोंदपत्राला हात लावावा लागत नाही.

मराठी विकिपीडियावर हा विस्तार बसविलेला नाही. संस्था वा अभ्यासगट स्वतःची विकी चालवितात तेथे तो वापरला जातो. मात्र विकिपीडियाचे वर्गही बाहेरील नोंदपत्राला वाचता येतात. मीडियाविकीकडे वर्गातील सदस्यांची मागणी करता येते; सामान्य वापरणाऱ्याला एका वेळी जास्तीत जास्त ५०० नावे मिळतात आणि पुढील नावे मागण्यासाठी एक खूण सोबत येते. ही खूण दुर्लक्षित राहिली तर यादी पाचशेव्या नावाशी थांबते. तसे सांगणारी कोणतीही सूचना नोंदपत्रावर दिसत नाही. नावे वर्णक्रमाने येत असल्यामुळे गळणारी नावे नेहमी वर्णमालेच्या शेवटची असतात : सावंत, सुर्वे, हिरवाडकर. पेज फॉर्म्समध्येही यादीतील नावांना कमाल मर्यादा आहे; मूळ मांडणीत ती १००० असून व्यवस्थापकाला ती बदलता येते. यंत्रणेचा पहिला धडा असा, की स्वयंचलित यादी पूर्ण आहे असे गृहीत धरू नये. ती मोजून पाहावी.

३. बंगळूरचा वारसा

यादी पारखण्याच्या कसोट्या नव्याने शोधण्याची आवश्यकता नाही. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी त्या संगणकपूर्व काळातच मांडून ठेवल्या आहेत. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. १९३७ मध्ये त्यांनी वर्गीकरणाच्या सिद्धान्ताची स्वतंत्र मांडणी केली. १९५७ मध्ये ते बंगळूरला स्थायिक झाले. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांनी याच शहरात उभे केले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले. पुढे याच बंगळूरमधील सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने २०१२ मध्ये भारतीय भाषांतील विकिप्रकल्पांना साहाय्य करण्याचे काम हाती घेतले, आणि त्यात मराठीचाही समावेश होता. या दोन घटनांत थेट परंपरेचा धागा आहे असे नव्हे. परंतु एका घटनेतील सिद्धान्त दुसऱ्या घटनेतील व्यवहाराला किती नेमका लागू पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

एकाच विश्वाचे एकाच लक्षणाने विभाजन केल्यावर जे समकक्ष वर्ग मिळतात, त्यांच्या ओळीला रंगनाथन ‘पंक्ती’ म्हणतात. अशा पंक्तीसाठी त्यांनी चार कसोट्या सांगितल्या. पंक्ती सर्वसमावेशक असावी. तिच्यातील वर्ग परस्परांना वगळणारे असावेत. त्यांचा क्रम वाचकाला उपकारक असावा. आणि तो क्रम सर्वत्र सुसंगत असावा. निवडयादी ही अशी पंक्तीच होय. मात्र पंक्ती बनण्यासाठी एक पूर्वअट आहे, तिचा विचार आधी केला पाहिजे.

४. पूर्वअट : एकच विभाजक लक्षण

निवडयादीतील प्रत्येक नावाने रकान्यात विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. ‘जन्मगाव कोणते?’ या रकान्यातील प्रत्येक नाव गावाचेच असले पाहिजे. विकीच्या वर्गाला असे बंधन नाही. वर्गात दोन वेगवेगळ्या नात्यांनी पाने येतात. ‘महाराष्ट्रातील जिल्हे’ या वर्गातील प्रत्येक पान एका जिल्ह्याचे आहे. येथे नाते ‘अमुक हा तमुक आहे’ असे आहे. पण समजा, ‘बंगळूर’ याच नावाचा एक वर्ग आहे. त्यात त्या शहरातील तलावाचे पान येईल, विद्यापीठाचे येईल, एखाद्या नगररचनाकाराचेही येईल. येथे नाते ‘अमुकचा तमुकशी संबंध आहे’ एवढेच आहे. पहिला वर्ग जातिवाचक, दुसरा विषयवाचक.

वाचकाच्या दृष्टीने दोन्ही वर्ग उपयुक्त आहेत, कारण वाचक वर्गात भटकत असतो आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक पानाचा अर्थ स्वतः लावतो. यंत्र तसे करीत नाही. ते शीर्षके उचलते आणि गावांच्या यादीत नगररचनाकाराचे नाव बसवते. उपवर्गांमुळे हा दोष वाढतो. ‘कर्नाटकातील शहरे’ या जातिवाचक वर्गाखाली कोणी ‘बंगळूर’ हा विषयवाचक वर्ग उपवर्ग म्हणून जोडला, की त्या उपवर्गातील तलाव, विद्यापीठे आणि माणसे ही सगळी ‘शहरे’ ठरतात. विकीचे वर्ग वृक्षासारखे नसून जाळ्यासारखे असतात. एका वर्गाला अनेक पालकवर्ग असू शकतात, आणि क्वचित एखादा वर्ग फिरून स्वतःच्याच खाली आलेलाही आढळतो.

यावरील उपाय साधा आहे. ज्या वर्गातून निवडयादी भरावयाची तो जातिवाचकच असावा, त्याच्या पानावर त्यात काय यावे व काय येऊ नये हे दोन वाक्यांत लिहिलेले असावे, आणि शक्य तेथे त्याला उपवर्ग नसावेत. वर्गाचे नाव अनेकवचनी सामान्यनाम असेल, जसे ‘जिल्हे’, ‘नद्या’, ‘कादंबरीकार’, तर त्याचे स्वरूप पुढच्या संपादकाला नावावरूनच कळते.

५. पहिली कसोटी : सर्वसमावेशकता

पंक्तीबाहेर काही उरू नये, ही पहिली कसोटी. स्वयंचलित यादीत जे उरते ते दोन कारणांनी उरते. ज्याच्यावर पानच लिहिले गेलेले नाही, ते यादीत येत नाही. आणि पान आहे पण त्यावर वर्ग नोंदलेला नाही, तेही येत नाही. म्हणजे यादीतील अनुपस्थिती ही वस्तूची अनुपस्थिती नसून लेखनाची अनुपस्थिती असते. कोणत्या गावांवर, कोणत्या बोलींवर, कोणत्या लेखिकांवर आजवर पाने लिहिली गेली, यावर यादीची व्याप्ती ठरते. ज्या विषयाकडे संपादक वळलेच नाहीत तो विषय पुढील नोंदींतूनही वगळला जातो, कारण नोंद करणाऱ्याला तो निवडताच येत नाही. जुन्या दुर्लक्षातून अशा रीतीने नवे दुर्लक्ष जन्माला येते.

येथे यंत्रणेनेच एक पर्याय दिलेला आहे. पेज फॉर्म्समध्ये बंद निवडयादीऐवजी अशी यादी ठेवता येते, की जी नावे सुचवते पण नवे नाव लिहिण्यास मज्जाव करीत नाही. ज्या रकान्याचे विश्व खरोखर मर्यादित आहे, तेथे बंद यादी योग्य. महाराष्ट्राचे जिल्हे आज ३६ आहेत आणि सदतिसावा कोणी कल्पनेने निर्माण करू शकत नाही. जेथे विश्व खुले आहे, जसे गाव, बोली, वाङ्मयप्रकार, तेथे सुचविणारी पण खुली यादीच ठेवली पाहिजे. नोंद करणाऱ्याने लिहिलेली नवी नावे ठराविक काळाने तपासून त्यांची पाने व वर्ग तयार करावेत. असे केल्यास नोंदपत्र हे वर्गाचे केवळ उपभोक्ते न राहता त्याचे पोषकही होते.

६. दुसरी कसोटी : परस्परव्यावर्तकता

पंक्तीतील दोन वर्ग एकमेकांत मिसळू नयेत, ही दुसरी कसोटी. मराठी लेखकांच्या नोंदीत ती तीन ठिकाणी अडचणीत येते.

पहिली अडचण लक्षणांच्या सरमिसळीची. धारवाडचे दोन साहित्यिक विचारात घेता येतील. द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांच्या घरची भाषा मराठी. पण ते कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. मराठीतही त्यांनी लेखन केले. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी धारवाडला राहून इंग्रजीचे अध्यापन केले आणि कथा लिहिल्या त्या मराठीत. ‘कर्नाटकातील लेखक’ हा प्रदेशाचा वर्ग आणि ‘कन्नड लेखक’ हा भाषेचा वर्ग यांना एकच मानणाऱ्या यादीत हे दोघेही चुकीच्या जागी जातील. रंगनाथनांनी विषयाचे विश्लेषण व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल या पाच मूलभूत पैलूंत करावयास शिकविले. त्यामागील बोध असा, की प्रत्येक पैलूची पंक्ती स्वतंत्र असावी. नोंदपत्राच्या भाषेत सांगावयाचे तर स्थल आणि भाषा यांचे रकाने वेगळे हवेत, आणि प्रत्येकाला वेगळा वर्ग हवा.

रकाने वेगळे केल्यावरही भाषेच्या रकान्यात प्रश्न उरतो. अरुण कोलटकर यांचे ‘जेजुरी’ इंग्रजीत १९७६ मध्ये आले, तर ‘भिजकी वही’ हा त्यांचा संग्रह मराठी. एकच उत्तर मागणारी निवडयादी कोलटकरांना मराठी तरी करील किंवा इंग्रजी तरी. गिरीश कार्नाड यांची मातृभाषा कोंकणी, जन्म १९३८ मध्ये माथेरानचा, नाटके कन्नड, अखेरचा दीर्घ वास्तव्यकाळ बंगळूरचा. भारतीय साहित्याच्या नोंदपत्रात भाषेचा रकाना एकाहून अधिक उत्तरे स्वीकारणारा असलाच पाहिजे. आणि मातृभाषा व लेखनभाषा हे रकानेही वेगळे असले पाहिजेत. बहुभाषिकता हा येथे अपवाद मानता येत नाही. सीमाभागात तर तोच नियम आहे. एकपर्यायी यादी हा नियम मोडते, आणि नंतर त्या नोंदींची बेरीज करणाऱ्या अभ्यासकाला सीमाभाग एकभाषिक असल्याचा भास होतो.

दुसरी अडचण एका व्यक्तीच्या दोन नावांची. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या आणि कविता आरती प्रभू या नावाने. दोन्ही नावांची पाने वर्गात आली तर यादीत एकाचे दोन लेखक होतील. एकच आले तर दुसऱ्या नावाने शोधणारा रिकाम्या हाताने परतेल. तालिकेत यासाठी ‘पाहा’ अशी नोंद असते. विकीत तिची जागा पुनर्निर्देशन घेते : आरती प्रभू या शीर्षकावर गेलेला वाचक खानोलकरांच्या पानावर पोचतो. परंतु पुनर्निर्देशनाच्या पानावर सहसा वर्ग नसतो, म्हणून निवडयादीला हे दुसरे नाव माहीतच नसते. वाचकासाठी सुटलेला प्रश्न यादीसाठी सुटत नाही.

तिसरी अडचण लिपीची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲरिस्टॉटल’ या नावातील पहिले अक्षर आज एका स्वतंत्र संकेताने लिहिता येते. पण हा संकेत युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्यापूर्वीच्या मजकुरात तेच अक्षर अ आणि चंद्र जोडून लिहिलेले आढळते. ‘कऱ्हाड’ मधील ऱ् हाही दोन रीतींनी टंकित होतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राला ती दोन भिन्न नावे वाटतात. अशा वेळी निवडयादीत एकच गाव लागोपाठ दोनदा दिसते आणि निम्म्या नोंदी एका रूपाखाली, निम्म्या दुसऱ्या रूपाखाली विखुरतात. शीर्षकांचे एक प्रमाणरूप ठरवून दुसरे रूप पुनर्निर्देशनावर ठेवणे, एवढाच यावर उपाय आहे.

७. तिसरी कसोटी : उपकारक क्रम

यादीचा क्रम वाचकाच्या अपेक्षेशी जुळला पाहिजे. मराठी वाचक शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे शोधतो, आणि त्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडमध्ये मात्र ळ चा संकेत ल आणि व यांच्यामध्ये आहे. केवळ संकेतांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘काशीकर’ च्या आधी येते. मराठी क्रमाने ते नंतर यावयास हवे. ‘क्षीरसागर’ हे नाव क च्या नावांच्या अखेरीस दडते. युनिकोडच्या मराठी क्रमवारीचे नियम तयार आहेत; त्यांचा वापर करावा असे यादी करणाऱ्याला सांगावे मात्र लागते.

नावांच्या यादीत आणखी एक भेद आहे. विकीतील पान लेखकाच्या नावाने सुरू होते, आडनावाने नव्हे. वर्गात ते आडनावाप्रमाणे लागावे म्हणून पानावर क्रमासाठी वेगळा पाठ देता येतो. वर्गाचे पान तो पाळते. पण निवडयादी शीर्षके पुन्हा स्वतःच्या रीतीने लावणारी असेल, तर देशपांडे प खाली आणि कुलकर्णी ज खाली जातात. शंभर नावांच्या यादीत हा दोष गंभीर ठरतो.

८. चौथी कसोटी : सुसंगती आणि काल

एका ठिकाणचा क्रम व नावे दुसऱ्या ठिकाणीही तशीच असावीत, ही चौथी कसोटी. वर्गातून भरलेली यादी येथे मोठे साहाय्य करते. दहा नोंदपत्रांत जिल्ह्यांची दहा हस्तलिखित याद्या ठेवल्या, तर एका बदलासाठी दहा ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि एखादी राहूनच जाते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग व जालना येथपासून २०१४ मध्ये पालघर येथपर्यंत त्यांत दहांची भर पडली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव, तर २०२४ मध्ये अहिल्यानगर ही नावे अधिकृत झाली. कर्नाटकात १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंगळूरसह बारा शहरांची नावे बदलली. बेळगावही त्यांत होते. वर्गातून भरलेली यादी अशा प्रत्येक बदलासरशी सर्व नोंदपत्रांत एकाच वेळी बदलते.

पण याच गुणातून एक धोका निर्माण होतो. यादी वर्तमानकाळाची असते. नोंदी भूतकाळाच्याही असतात. ‘उस्मानाबाद’ अशी नोंद असलेले जुने पान दुरुस्तीसाठी उघडले आणि यादीत आता ते नाव नसेल, तर काय होते? साध्या निवडयादीत जुळणारे नाव न सापडल्यास पहिलेच नाव निवडलेले दिसते. संपादक दुसऱ्याच रकान्यातील चूक दुरुस्त करून पान जतन करतो, आणि उस्मानाबादच्या लेखकाचा जन्म त्याच्या नकळत अकोल्याला होतो. म्हणून यादीचे पहिले स्थान नेहमी रिकामे ठेवावे, आणि जुने मूल्य यादीत नसले तरी ते टिकून राहते याची आधी खातरी करून घ्यावी.

शिवाय नाव टिकले तरी अर्थ टिकतोच असे नाही. खानोलकरांचा जन्म १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यात झाला. तेव्हा वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात होते, आज ते सिंधुदुर्गात आहे. दोन्ही नावे आजच्या यादीत आहेत, दोन्ही उत्तरे आपापल्या काळापुरती खरी आहेत. रंगनाथनांनी स्थलाबरोबर कालाला स्वतंत्र पैलू का मानले, याचे हे उत्तम उदाहरण होय. ऐतिहासिक नोंदपत्रात ‘तत्कालीन जिल्हा’ आणि ‘सांप्रत जिल्हा’ असे दोन रकाने हवेत, आणि पहिल्या रकान्याचा वर्ग जुन्या नावांनाही स्थान देणारा हवा.

९. नाव आणि खूण

रंगनाथनांनी वर्गीकरणाच्या कार्याच्या तीन पातळ्या वेगळ्या केल्या : कल्पनेची, शब्दाची आणि अंकनाची. आधी वस्तू काय आहे हे ठरवावयाचे, मग तिला नाव द्यावयाचे, आणि शेवटी तिची न बदलणारी खूण योजावयाची. वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी शब्दाच्या पातळीवरच्या आहेत, कारण निवडयादी शीर्षक हेच मूल्य म्हणून साठवते. बंगळूर, बंगलोर, बंगळुरू, बेंगळुरू ही रूपे मराठीत लिहिली जातात. शहर मात्र एकच आहे.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या प्रकल्पाने तिसऱ्या पातळीची सोय केली. त्यात प्रत्येक वस्तूला क्यू या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाशी अनेक भाषांतील नावे व पर्यायी नावे जोडलेली असतात. नोंदपत्राने वापरणाऱ्याला नाव दाखवावे पण स्वतःजवळ क्रमांक साठवावा, अशी रचना केल्यास शहराचे नाव बदलले तरी नोंद बदलत नाही. मराठी व कन्नड नोंदपत्रे एकाच वस्तूविषयी बोलत राहतात. आणि आरती प्रभू या नावाने शोधणाराही खानोलकरांपर्यंत पोचतो. तौलनिक अभ्यासाला हा लाभ फार मोलाचा आहे. दोन भाषांतील नोंदी जुळवताना आजवर अभ्यासकाचा निम्मा वेळ नावांची ओळख पटविण्यातच खर्च होत आला आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून कार्यपद्धतीचा क्रम असा निश्चित करता येतो. प्रथम रकान्याचा प्रश्न एका वाक्यात लिहावा. त्या प्रश्नाचे उत्तर देणारा जातिवाचक वर्ग निवडावा, नसल्यास तयार करावा, आणि त्याची व्याप्ती त्याच्याच पानावर नोंदवावी. वर्गातील नावे मोजून यादीतील नावांशी ताळा पाहावा. दुहेरी रूपे व टोपणनावे शोधून पुनर्निर्देशने पूर्ण करावीत. क्रम मराठी वर्णमालेचा आहे हे ळ आणि क्ष यांवरून पारखावे. विश्व खुले असेल तेथे यादी खुली ठेवावी. उत्तरे अनेक संभवत असतील तेथे अनेक स्वीकारावीत. एक जुनी नोंद उघडून, काहीही न बदलता जतन करून, ती पूर्वीसारखीच राहते का हे पाहावे. शेवटी, वर्गात होणारे बदल कोण पाहणार हे ठरवावे. कारण वर्ग कोणालाही बदलता येतो आणि त्याचा परिणाम सर्व नोंदपत्रांवर तत्काळ होतो.

वर्गातून निवडयादी भरण्याची सोय श्रम वाचवते, हे खरे. परंतु तिचे खरे महत्त्व वेगळे आहे. पूर्वी कोणती नावे उच्चारता येतील हे यादी लिहिणारा एकटा ठरवीत असे, आणि वापरणाऱ्याला ती बदलण्याचा मार्ग नसे. आता बेळगावच्या किंवा धारवाडच्या वाचकाला आपल्या गावाचे, बोलीचे वा लेखकाचे पान लिहून आणि त्यावर योग्य वर्ग नोंदवून यादीत भर घालता येते. हा अधिकार मोठा आहे आणि तो वापरणाऱ्यावर वर्गीकाराची जबाबदारीही येते. पानाच्या तळाशी वर्गाची एक ओळ लिहिणारा संपादक दुसऱ्या कोणाच्या तरी नोंदपत्रातील एक शक्यता निर्माण करीत असतो, आणि ती ओळ लिहावयाची राहिली तर एक शक्यता नाहीशी होत असते. पुस्तकाला त्याचा वाचक आणि वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, या रंगनाथनांच्या आग्रहाचा आजचा अर्थ या एका ओळीपासून सुरू होतो.